'लिटरली'चं काय करून ठेवलंय हे!

"त्याचं डोकं लिटरली फुटलंय," असा मेसेज येतो. हातातलं काम टाकून मी फोन करतो, किती लागलंय, दवाखान्यात नेलं का? तर पलीकडून शांतपणे, "अरे, कामाचा ताण वाढलाय, म्हणून म्हटलं." संताप होतो नुसता! ताण आहे तर 'डोकं फुटायची वेळ आलीये' म्हण ना. वाक्प्रचार असतात कशाला? या एका शब्दाचं काम एवढंच होतं की, आता वाक्प्रचार नाही, घडलं तेच सांगतोय. नेमका तोच उलट्या कामाला जुंपला!

लॅटिनमधलं 'लिटेरा' म्हणजे अक्षर. इंग्रजीतला 'लेटर' त्यातलाच. लिटरली म्हणजे अक्षराला अक्षर लावून, शब्दाचा जो अर्थ तोच धरून. आपल्या 'अक्षरशः'ची घडणही हीच, आणि दुर्दैवाने गतही हीच. "अक्षरशः जीव गेला" म्हणणारा समोर धडधाकट उभा असतो.

यावर कुणीतरी शहाणा हमखास सांगतो, "शब्दकोशात आहे की हा अर्थ." आहे, माहितीये मला! मेरियम-वेब्स्टरने तो 1909 सालीच नोंदवलाय. त्याच्याही आधी, 1769 सालच्या एका इंग्रजी कादंबरीत असा वापर सापडतो. म्हणून काय झालं? लोक जे बोलतात ते शब्दकोशवाले टिपून ठेवतात, त्यांचं कामच ते. त्याने ऐकणाऱ्याचा गोंधळ कमी होतो का?

दुसरा युक्तिवाद तर त्याहून डोक्यात जातो. म्हणे 'व्हेरी'सुद्धा मूळचा 'खरा' या अर्थाचा, लॅटिन 'व्हेरस'वरून फ्रेंचमार्गे आलेला. 'रिअली'च्या मुळाशी 'रेस' म्हणजे वस्तू, प्रत्यक्षात असलेली गोष्ट. त्यांचाही नुसता जोर देण्यापुरता वापर उरला, मग यानेच काय घोडं मारलंय? अहो, हेच तर माझं म्हणणं आहे! खरं सांगण्यासाठी ठेवलेले दोन शब्द आधीच झिजवून टाकले, आता तिसऱ्याच्या मागे लागलात. नवा आणायचा कुठून? आत्ताच लोक "लिटरली, म्हणजे खरंच हं, शपथ!" असं बोलायला लागलेत. साधं घडलेलं सांगायला तीन-तीन शब्द, आणि तरी समोरच्याने विचारायचंच, "म्हणजे नक्की काय झालं?"