एसटीपीचं पाणी मुरणार कुठे?

रत्नागिरी, कुडाळ, सावंतवाडीच्या कडेला चाळीस-पन्नास फ्लॅटचं संकुल उभं राहिलं की वाद ठरलेला. बिल्डर सांगतो, एसटीपीचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या संयंत्राचं पाणी स्वच्छ असतं, शोषखड्ड्यात सोडलं की उलट भूजल वाढेल. शेजारचे म्हणतात, आमची विहीर नासेल. भांडण सगळं शुद्धतेवर. मी राहतो त्या अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात त्याच्याइतकाच महत्त्वाचा दुसरा प्रश्न असतो: एवढं पाणी जमिनीत मावणार का?

हिशेब करून बघा. चाळीस फ्लॅट, घरटी पाच माणसं, माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज २७,००० लिटर. त्याचं ८० टक्के सांडपाणी धरलं तर २१,६०० लिटर, महिन्याला साडेसहा लाख. वीस गुंठ्यांवर पसरलं तर जेमतेम ३२ सेंमीचा थर. पण जांभ्यात पाणी साठायला मोकळी जागा दोन-तीन टक्केच धरतात. हे पाणी हललंच नाही तर महिन्यात भूजलाची पातळी दहा मीटरच्या वर चढेल. अर्थात ते हलतं, आणि खरी गोम तिथेच आहे. जांभ्याखाली शेडी, म्हणजे चिकणमातीचा थर असतो, त्याच्यातून पाणी फारसं खाली उतरत नाही. ते उताराकडे आडवं सरकतं आणि खालच्या घराच्या परड्यात, नाहीतर गडग्याच्या पायथ्याशी झरा होऊन फुटतं. जांभ्यात पोकळ्या असतील तर वाटेत गाळणंही होत नाही. पातळी वर आली की शेजाऱ्याचा शोषखड्डा पाणी घेईनासा होतो, संडास तुंबतो आणि दोष मात्र त्याच्या सेप्टिक टाकीला लागतो. त्याने त्याच दिवसांत फायबरची टाकी उपसून रिकामी केली तर खालच्या पाण्याच्या दाबाने ती उचलली जाऊन पाइप तुटतात.

मॅसॅच्युसेट्सच्या ‘टायटल ५’ या सांडपाण्याच्या नियमात शोषक्षेत्राचा (सांडपाणी मुरवायच्या जागेचा) तळ आणि भूजलाची वर्षातली सर्वात उंच पातळी यांत किमान ४ फूट अंतर लागतं. जिथे चाचणीच्या खड्ड्यातलं पाणी इंचभर उतरायला दोन मिनिटं किंवा कमी लागतात, तिथे ५ फूट. रोजचा विसर्ग २,००० गॅलन, म्हणजे साधारण ७,५७० लिटर किंवा जास्त असेल तर सोडलेल्या पाण्यामुळे उठणारा फुगवटाही त्या पातळीत मिळवावा लागतो. आपलं वरचं संकुल त्याच्या जवळजवळ तिप्पट आहे. कोरड्या दिवसांत मोजलेली पातळी तशीच चालत नाही, निरीक्षण विहिरींच्या जुन्या नोंदींवरून ती वाढवून धरतात.

म्हणून इथलं सगळं आदर्श, असंही नाही. मॅसॅच्युसेट्सच्याच किनाऱ्यावरच्या केप कॉडच्या वाळूत तपासणी पास झालेल्या सेप्टिक टाक्यांचा नायट्रोजन भूजलाबरोबर खाड्यांत उतरला, शेवाळ माजलं आणि २०२३ मध्ये नियम कडक करावे लागले. अंतर पाळलं म्हणून नायट्रेट (नायट्रोजनचं पाण्यात विरघळणारं रूप) अडत नाही. (पिण्याच्या पाण्यात त्याची इथली मर्यादा लिटरमागे १० आणि आपली ४५ मिग्रॅ, म्हणून आपला नियम ढिला, असं काहीजण म्हणतात. इथे नायट्रेटमधला फक्त नायट्रोजन मोजतात, आपल्याकडे अख्खं नायट्रेट. आकडे जवळपास एकच.)

नियम आपल्याकडेही आहेत. आयएस २४७० या भारतीय मानकाप्रमाणे शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून १८ मीटर आणि घरापासून ६ मीटर लांब हवा. मुरण्याची चाचणीही त्यात आहे: खड्डा रात्रभर भिजवायचा, मग पाणी २५ मिमी उतरायला किती मिनिटं लागतात ते बघायचं. पण ती मे महिन्यात केली तर काय कळणार? तेव्हा कातळ तहानलेला असतो. जुलै-ऑगस्टमध्ये त्याच जागी पाणी हातभर खाली लागतं.

शेजाऱ्यांनी विहिरीची नोंद आतापासूनच ठेवावी. पंप लावण्याआधी सकाळी, कठड्यावरच्या एकाच खुणेपासून, आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा. विहीर नसेल तिथे ६३ मिमीचा पीव्हीसी पाइप पुरावा: खालच्या मीटरभर भागाला चिरा, भोवती खडी, वर मातीचा घट्ट थर आणि टोपी. संकुलाच्या वरच्या आणि खालच्या अंगाची अशी दोन ठिकाणं हवीतच, नाहीतर पातळी पावसाने चढली की एसटीपीने, ते सांगता येत नाही. विहिरीच्या पाण्याची नायट्रेट आणि कोलिफॉर्मसाठी (सांडपाणी मिसळल्याची खूण सांगणारे जिवाणू) एक तपासणी संकुलात माणसं राहायला येण्याआधी करून घ्यावी.

आठ महिने हे पाणी माड-पोफळीला देता येईल, त्याला माझा विरोध नाही. पण बागेला पाणी नको असतं त्या चार महिन्यांत ते कुठे जाणार, हे नकाशावर दाखवलेलं असलं पाहिजे. ग्रामपंचायतीने बिल्डरचा मुरण्याच्या चाचणीचा कागद मागून आधी त्यावरची तारीख बघावी. ती एप्रिल-मेची असेल तर चाचणी ऑगस्टमध्ये पुन्हा करायला लावावी.