‘जुनं डिझेल मरत नाही’ : एका लाडक्या समजाचा प्रतिवाद

सेकंडहँड मोटरबोट घ्यायचा विचार कुणी नुसता बोलून दाखवला, की एक सल्ला हमखास समोर येतो. थोडक्यात तो असा: जुनी डिझेल बोट डोळे झाकून घ्या. डिझेल इंजिन मरत नाही. तीस वर्षांत नऊशे तास चाललेलं इंजिन म्हणजे अजून रुळायचंच आहे. ट्रकची डिझेलं बघा, लाखो किलोमीटर धावतात. जुनं इंजिन साधं असतं, कुणीही दुरुस्त करतो. दोन इंजिनं असली की एक बंद पडलं तरी दुसरं किनाऱ्याला आणतं. डिझेल पेट घेत नाही. आणि बोट इतकी स्वस्तात पडते की काय ती दुरुस्ती नंतर सावकाश करता येते.

यातलं जवळजवळ प्रत्येक वाक्य कुठल्या तरी खऱ्या गोष्टीवरून निघालं आहे, म्हणून तर ते पटतं. मला स्वतःला जुनी डिझेलं मनापासून आवडतात. इंजिनरूममध्ये गुडघे टेकून, टॉर्च तोंडात धरून मी खूप वेळ घालवला आहे. म्हणूनच हा सल्ला मला सलतो. त्याच्या भरवशावर माणसं साठवलेली पुंजी घालतात, पहिल्याच मोसमात अडकतात, आणि बोट कायमची बांधून ठेवतात.

आधी त्या नऊशे तासांबद्दल, कारण सगळा डोलारा त्यावर उभा आहे. साधा भागाकार करा: वर्षाला तीस तास. उरलेलं अख्खं वर्ष इंजिन उभं होतं, आणि तेही खाऱ्या, दमट हवेत. डिझेल थांबतं तेव्हा कुठल्या ना कुठल्या सिलिंडरचा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडा राहतोच. एक्झॉस्टच्या वाटेनं ओलावा आत शिरतो, सिलिंडरच्या भिंतीवर गंजाचा पातळ पट्टा उमटतो, पिस्टनच्या रिंगा खाचेत चिकटतात. पुढच्या मोसमात मालक स्टार्टर दाबतो, इंजिन सुरू होतं, सगळे खूश होतात. पण त्या क्षणी रिंगा तो गंज खरवडत असतात आणि तो चुरा ऑइलात उतरत असतो. पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर एकाच अवस्थेत दुमडून राहिल्यानं ताठरतो. सील सुकतात. जुन्या ऑइलात साचलेलं आम्ल बेअरिंगला हळूहळू खात राहतं. इंजिनाच्या सर्व्हिस-पुस्तिका उघडून बघा: बहुतेक कामांसमोर ‘इतके तास किंवा इतके महिने, जे आधी होईल ते’ असं लिहिलेलं असतं. तास मोजणाऱ्यांना त्यातले महिने दिसत नाहीत.

शिवाय तासांचा मीटर म्हणजे काही इंजिनाची जन्मपत्रिका नव्हे. तो बंद पडतो, बदलला जातो, कधी त्याची वायर सुटलेली असते. होजवर, म्हणजे इंजिनाच्या रबरी नळ्यांवर, बऱ्याचदा उत्पादनाचं साल छापलेलं असतं, ते शोधा. तीस वर्षांच्या इंजिनावर तीस वर्षांपूर्वीचेच होज असतील, तर कमी तासांचा अर्थ कमी देखभाल एवढाच निघतो. दरवर्षी दीडशे-दोनशे तास चाललेलं, वहीत नोंदी असलेलं तीन हजार तासांचं इंजिन एकीकडे आणि ताडपत्रीखाली झोपलेलं सहाशे तासांचं दुसरीकडे ठेवलं, तर मी पहिलं घेईन.

आता ट्रकशी तुलना. ट्रक घाट चढताना जोर लावतो, सपाटीवर निवांत धावतो, उताराला तर त्याच्या इंजिनाला जवळपास सुट्टीच असते. पाण्याला उतार नसतो. वेगानं पाण्यावर उचलली जाऊन धावणारी बोट, म्हणजे प्लेनिंग हलची बोट, धक्का सोडल्यापासून सतत घाटच चढत असते. ट्रकचं इंजिन आणि बोटीचं इंजिन एकाच ब्लॉकवर, म्हणजे सिलिंडर असलेल्या मुख्य सांगाड्यावर, बेतलेलं असलं, तरी दोघांनी काढलेले कष्ट वेगळे असतात.

आणि ब्लॉक एकच असला तरी त्यातून किती ताकद पिळून काढली हे कोण बघणार? कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं बी मालिकेतलं इंजिन बोटीसाठी २१० अश्वशक्तीतही मिळे आणि आफ्टरकूलर (इंजिनात जाणारी हवा थंड करणारा भाग) चढवून ३७० मध्येही. कॅटरपिलरचं ३२०८, म्हणजे १०.४ लिटरचं व्ही-८, टर्बोशिवाय, म्हणजे जादा हवा दाबून भरणाऱ्या पंख्याशिवाय, २१० अश्वशक्तीचं. तेच पुढे टर्बो आणि आफ्टरकूलर लावून ४३५ पर्यंत ताणलं गेलं. २१० चं ३२०८ दीर्घायुषी, ही कीर्ती खरी. पण ती कीर्ती ४३५ वाल्याच्या जाहिरातीत वापरली जाते, तिथे माझा आक्षेप आहे. त्यातून ३२०८ ला बदलता येणारे लायनर, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या सुट्या नळ्या, नाहीत. सिलिंडर थेट ब्लॉकमध्येच कापलेले आहेत. झिजले की ब्लॉकच मशीनशॉपमध्ये न्यावा लागतो. कमिन्सच्या ‘हाय आउटपुट’ रेटिंगची अटच अशी आहे की पूर्ण ताकद दर आठ तासांत एक तास वापरायची, बाकी वेळ कमाल आरपीएमपेक्षा (मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांपेक्षा) किमान २०० नं कमी ठेवून चालवायचं. आधीच्या मालकानं ही अट पाळली का, हे मीटर सांगत नाही.

प्रोपेलर मात्र थोडंफार सांगतो. बोटीचा तळ स्वच्छ असताना, भरल्या टाक्यांसह खुल्या पाण्यात थ्रॉटल पूर्ण पुढे ढकला. इंजिनाच्या पाटीवर २६०० आरपीएम लिहिलेत, तर तेवढे गाठलेच पाहिजेत, थोडे जास्त भरले तर उत्तम. २३५० वरच अडकलं, तर एक तर इंजिन दमलेलं आहे, नाही तर प्रोपेलर त्याच्या कुवतीपेक्षा मोठा आहे आणि ते वर्षानुवर्षं टॉप गिअरमध्ये घाट चढल्यासारखं रेटलं गेलं आहे. डॅशवरच्या जुन्या काट्यावर विसंबू नका. हातातला ऑप्टिकल टॅकोमीटर बरोबर न्या.

‘मरत नाही’ या मूळ दाव्याकडे वळतो. क्रँकशाफ्ट, कनेक्टिंग रॉड, ब्लॉक हे खरोखर चिवट असतात. डेट्रॉइट डिझेलची ७१ मालिका १९३८ मध्ये आली, आणि त्यातली ६-७१ इंजिनं आजही चालताना दिसतात. पण बोटीतलं डिझेल सहसा झिजून मरत नाही. पाणी त्याला मारतं.

समुद्राचं पाणी इंजिनाला किती ठिकाणी भिडतं ते मोजा: पंप, ऑइल कूलर, गिअरबॉक्स कूलर, हीट एक्स्चेंजर, आफ्टरकूलर आणि शेवटी एक्झॉस्टचा एल्बो, म्हणजे धूर बाहेर नेणारा वाकडा पाइप. प्रत्येक जागी एका पातळ धातूच्या पलीकडे खारं पाणी असतं. यातला एल्बो सगळ्यात दुर्लक्षित. तिथे तापलेला धूर आणि खारं पाणी एकत्र येतात, म्हणून तो आतून कुजत जातो. स्टेनलेसचाही अपवाद नाही. बाहेरून रंग शाबूत दिसतो. आतली भिंत फुटली, की पाणी पुढे नळीत जायचं सोडून मागे टर्बोकडे आणि तिथून सिलिंडरमध्ये उतरतं. पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर आला की रॉड वाकतो. हा एल्बो काढून आत बोट घालून बघण्याचं काम फारसं अवघड नाही, पण विक्रीच्या घाईत ते कुणी करत नाही.

आफ्टरकूलर त्याहून दगाबाज. तो टर्बोनं दाबलेली गरम हवा खाऱ्या पाण्यानं थंड करतो. गळला, तर पाणी थेट इंजिन जी हवा घेतं त्या वाटेवर पडतं. दर दोन-चार वर्षांनी तो उतरवून, साफ करून, नव्या ओ-रिंगा आणि ग्रीस लावून, दाब देऊन तपासायचा असतो. ‘आफ्टरकूलर शेवटचा कधी उतरवला?’ हा प्रश्न मी प्रत्येक विक्रेत्याला विचारतो. उत्तराआधी जो वेळ जातो, त्यातच बरंच कळतं. फोर्ड लेहमन १२० या जुन्या बोट-इंजिनासाठी माझा प्रश्न वेगळा असतो. त्यातल्या सिम्स इंजेक्शन पंपाला स्वतंत्र ऑइल असतं, आणि ते इंजिनाच्या ऑइलपेक्षा लवकर, साधारण ५० तासांनी बदलावं लागतं. ज्या मालकाला हे ठाऊक आहे, त्याच्या बोटीकडे मी अधिक आशेनं बघतो.

एकदा मी एक बोट बघायला ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी पोचलो. विक्रेत्याला फोनवर बजावलं होतं की इंजिनं थंड हवीत. ब्लॉकवर हात ठेवला, तर कोमट. ‘तुम्हाला त्रास नको म्हणून जरा गरम करून ठेवली,’ तो म्हणाला. थंड इंजिनाचा पहिला मिनिट म्हणजे त्याची खरी साक्ष: किती वेळ क्रँक होतं, धूर पांढरा येतो का, आणि तो किती वेळानं विरतो. पांढरा धूर टिकला तर न जळलेलं डिझेल किंवा आत शिरलेलं पाणी, निळा असेल तर ऑइल जळतंय, भाराखाली काळा असेल तर हवा कमी पडतेय किंवा ओझं जास्त होतंय. ती साक्ष त्यानं माझ्या आधीच पुसून टाकली होती. मी दुसऱ्या दिवशी सकाळी परत गेलो. उजवं इंजिन पाच मिनिटं पांढरं ओकत राहिलं.

ऑइलचा नमुना प्रयोगशाळेत द्याच, गिअरबॉक्सचाही. लोखंड, शिसं, तांबं किती उतरलंय ते कळतं. सोडियम दिसलं तर समुद्राचं पाणी किंवा कूलंट आत शिरल्याचा संशय घ्यावा. पण कालच ऑइल बदललं असेल तर तो अहवाल जवळपास कोरा असतो, म्हणून ऑइल किती तास चाललेलं आहे ते आधी विचारा. आणि बोटीचा सर्व्हे झालाय म्हणजे इंजिनांचा झाला असं धरू नका. हलचा, म्हणजे बोटीच्या सांगाड्याचा, सर्व्हेअर बहुधा इंजिनं उघडत नाही. त्यासाठी वेगळा डिझेलवाला लागतो.

‘साधं इंजिन, कुणीही दुरुस्त करतो’ यातलं निम्मं मला मान्य आहे. मेकॅनिकल इंजेक्शनच्या इंजिनात संगणक नाही, सेन्सरची जंत्री नाही, हा मोठा आधार आहे. पण ट्रकच्या किंवा ट्रॅक्टरच्या इंजिनावर समुद्राचा साज चढवतात, तो साज बऱ्याचदा दुसऱ्याच कंपनीचा असतो. पिस्टन आणि रिंगा मिळतील. पाण्याच्या जॅकेटचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड किंवा हीट एक्स्चेंजरचं विशिष्ट टोपण मिळेलच असं नाही, आणि मोडतं नेमकं तेच. इंजिनाच्या पाटीवरचा मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या, आणि बोट घेण्याआधी या भागांची चौकशी करा.

दोन इंजिनांमुळे धक्क्याला लागताना बोट हवी तशी वळवता येते, हा फायदा मोलाचा आहे. सुरक्षिततेचा दावा मात्र तपासून घ्यावा. दोन्ही इंजिनं एकाच वयाची, एकाच हातानं सांभाळलेली, आणि बहुतेकदा एकाच साठ्यातलं डिझेल पिणारी असतात. जुन्या टाकीच्या तळाशी गाळ, पाणी आणि त्या पाण्यात वाढणारे जिवाणू-बुरशी यांचा चिखल असतो. शांत पाण्यातल्या चाचणीत तो तळाशीच झोपून राहतो. लाटा उसळल्या की तो ढवळला जाऊन फिल्टरमध्ये येतो, आणि दोन्ही इंजिनं काही मिनिटांच्या अंतरानं गुदमरतात. ज्या हवामानात दुसऱ्या इंजिनाची गरज पडते, त्याच हवामानात हे घडतं. एका इंजिनावर चालताना बंद इंजिनाचा शाफ्ट पाण्याच्या जोरानं फिरत राहतो. काही गिअरबॉक्स असे फिरले तर ऑइलविना जळतात. आपला गिअरबॉक्स त्यातला आहे का, हे पुस्तिकेत बघून ठेवा.

आगीचं थोडक्यात सांगतो. पेट्रोलसारखी स्फोटक वाफ डिझेलची होत नाही, हे खरं. पण इंजेक्टरच्या नळीतून उच्च दाबानं उडणारा बारीक फवारा तापलेल्या टर्बोवर पडला, तर ठिणगीचीही गरज लागत नाही. मोठ्या जहाजांवर उच्च दाबाच्या इंधननळ्यांना बाहेरून दुसरं कवच घालणं सोलास या समुद्री सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारानं बंधनकारक आहे ते याचसाठी. जुन्या बोटीत या नळ्या, इंधनाचे होज आणि टर्बोवरचं लॅगिंग, म्हणजे उष्णता अडवणारं आवरण, बघा. लॅगिंग ऑइलनं भिजलेलं असेल, तर चाचणीसाठीसुद्धा बाहेर पडू नका.

राहिला स्वस्ताईचा मुद्दा. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला ही म्हण जुन्या बोटींना जितकी लागू पडते तितकी क्वचितच कशाला पडत असेल. दोन जुन्या इंजिनांच्या पूर्ण ओव्हरहॉलचा खर्च अख्ख्या बोटीच्या किमतीवर जाऊ शकतो, आणि तो खर्च केल्यावर बोटीची किंमत तेवढ्यानं वाढत नाही. ‘नंतर सावकाश करू’ म्हणणाऱ्यानं हिशेब दोनानं गुणलेला नसतो: दोन टर्बो, दोन आफ्टरकूलर, दोन एल्बो, आठ किंवा बारा किंवा सोळा इंजेक्टर. इंजिनांखालचे बेड प्लायवूडचे आणि आतून कुजलेले निघाले, तर शाफ्टची सरळ रेषाच टिकत नाही. टाक्या इंजिनांच्या बाजूला बसवलेल्या असतील, तर एक टाकी बदलायलाही इंजिन हलवावं लागतं.

म्हणून पहिल्या भेटीला जाताना खिशात मोजपट्टी ठेवा. इंजिनाची लांबी, रुंदी आणि उंची मोजा, मग सलूनच्या जमिनीतलं झाकण मोजा, मग बाहेर नेणारं दार मोजा. इंजिन झाकणातून निघत असेल आणि दारातून निघत नसेल, तर छप्पर किंवा हलची बाजू कापावी लागेल. तो खर्च विचारून घ्या, दोनानं गुणा, आणि मग विक्रेत्यानं सांगितलेल्या किमतीकडे बघा.