जेम्स बॉन्डचा बट्ट्याबोळ कसा करावा

स्पाय कॉमेडी काढायचीय? आणि ती बघून लोकांनी थिएटरबाहेर एकमेकांची तोंडं बघत उभं राहावं अशी इच्छा आहे? मग फार डोकं खाजवू नका, १९६७ चा 'कॅसिनो रॉयल' लावा आणि सरळ कॉपी मारा. डॅनियल क्रेगवाला २००६ चा नव्हे हो, तो चांगला झालाय, त्याचा तुम्हाला काही उपयोग नाही.

आधी पुस्तकाचे हक्क. इयान फ्लेमिंगची ही पहिलीच बॉन्ड कादंबरी, १९५३ ची, आणि नेमके हिचेच हक्क बॉन्डपट काढणाऱ्या ब्रोकोली-सॉल्ट्झमन या प्रोड्युसर जोडीकडे नव्हते, चार्ल्स फेल्डमन नावाच्या प्रोड्युसरकडे होते. जोडीशी बोलणी फिसकटली, पडद्यावरचा तेव्हाचा बॉन्ड शॉन कॉनरी काही मिळेना, मग पठ्ठ्यानं ठरवलं की बॉन्डची टिंगलच करू. आता आयडिया म्हणून हे काही वाईट नाही, उलट बरंच चांगलं आहे, त्यामुळे इथं फार सावध राहायचं, चांगली आयडिया वेळीच ठेचली नाही तर पिक्चर चांगला निघू शकतो.

त्यासाठी डायरेक्टर पाच घ्या. एकच घेतलात तर त्याला गोष्ट कळायची भीती असते. जॉन ह्यूस्टन, केन ह्यूज, व्हॅल गेस्ट, रॉबर्ट पॅरिश, जो मॅकग्राथ, शिवाय सहावा एक आहे ज्याचं नाव टायटलमध्येच नाही. लेखक टायटलला तीन दाखवा आणि मागून बेन हेक्ट, बिली वाइल्डर, जोसेफ हेलर अशा दिग्गजांचे हात लावून घ्या. शूटिंगही एका स्टुडिओत नको, पाइनवूड, शेपर्टन, एमजीएम, जिथं जागा मिळेल तिथं सेट ठोका.

मग बॉन्ड. एक बॉन्ड ठेवणं म्हणजे कंजूषपणा झाला. डेव्हिड निव्हन हा रिटायर झालेला खरा बॉन्ड, तो हुकूम सोडतो की शत्रूला गोंधळात टाकायला यापुढे सगळ्या एजंटांचं नाव जेम्स बॉन्ड ००७, बायकांचंसुद्धा. शत्रूचं काय झालं देव जाणे, प्रेक्षक मात्र अर्ध्या तासात गारद. कारण टिंगल करायला समोर कोणीतरी गंभीर चेहऱ्यानं उभा लागतो ना राव, इथं जो तो आधीच डोळा मारतोय.

आता मुख्य सीन, पत्त्यांच्या टेबलावरचा. कादंबरीचा जीवच तो. एका बाजूला पीटर सेलर्स, दुसऱ्या बाजूला ऑर्सन वेल्स, म्हणजे नुसतं कॅमेरा चालू करून चहा प्यायला गेलात तरी काहीतरी भारी मिळेल अशी नटांची जोडी. हे टाळायचं असेल तर दोघांचं बिनसेपर्यंत वाट बघा, सेलर्स एका फ्रेममध्ये बसायला तयार नाही म्हटल्यावर त्याचे शॉट वेगळे घ्या, वेल्सचे वेगळे, वर वेल्सला जादूचे प्रयोग करायची हौस आहे तर तेही करू द्या, कथेत बसो न बसो. पुढे सेलर्स काम अर्धवट टाकून गेला की त्याचं पात्र घाईघाईत गुंडाळा आणि भोकं बुजवायला निव्हनचे सीन वाढवा. ही ठिगळं बसवायचं काम बिचाऱ्या व्हॅल गेस्टकडे आलं.

व्हिलन वुडी ॲलन. प्लॅन काय, तर जगातल्या सगळ्या बायका सुंदर करायच्या आणि साडेचार फुटांहून उंच पुरुष मारून टाकायचे. हे खरंच मजेशीर आहे, म्हणून शेवटाकडे ढकला, तोवर लोकांचं लक्ष घड्याळाकडे असतं. क्लायमॅक्सला काही सुचलं नाही तर कॅसिनोत काउबॉय घुसवा, पॅराशूटनं रेड इंडियन उतरवा, सील मासेही चालतील आणि मग सगळ्यांना बॉम्बनं उडवून थेट स्वर्गात पाठवा. प्रश्न विचारायला पात्रंच उरत नाहीत.

संगीतात मात्र फेल्डमन चुकला. संगीतकार म्हणून बर्ट बॅकरॅकला घेतलं आणि डस्टी स्प्रिंगफील्डनं गायलेलं 'द लुक ऑफ लव्ह' थेट ऑस्करच्या नॉमिनेशनपर्यंत गेलं, लोक अजून ऐकतात. एवढ्या मेहनतीनं बिघडवलेल्या कामात असं एक गाणं घुसलं की सगळ्यावर पाणी.

आणि हो, एवढं करून पिक्चर आपटला असेल असं वाटत असेल तर तेही नाही. बजेट सुमारे १ कोटी २० लाख डॉलरपर्यंत फुगलं होतं, धंदा ४ कोटींच्या पुढे गेला. पोस्टरवर पाठमोरी बाई, अंगभर सायकेडेलिक रंगांची नक्षी आणि हातात पिस्तुलं. तेव्हा बाकी कोणाचे पैसे थकवा, पोस्टरवाल्याचे आधी देऊन टाका.