रविवारी तरी पोरीला जेवू द्या

आज दुपारी आमच्या शिक्षकांच्या ग्रुपवर लाल रंगवलेली यादी पडली. ‘लिंक न भरलेल्या शाळा.’ खाली नेहमीचं वाक्य: सायंकाळी पाचपर्यंत माहिती न भरल्यास संपूर्ण जबाबदारी मुख्याध्यापकाची राहील. रविवारी! थोड्याच वेळात आमच्या केंद्रातल्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटातल्या, एका नव्या शिक्षिकेचा फोन. लेकरू मांडीवर, घरात रेंज नाही, हजेरीपत्रक शाळेच्या कपाटात, आणि ही शिक्षिका पोरगी हमसून रडतेय. “ताई, सगळ्यांसमोर माझ्या शाळेचं नाव आलं हो.”

मी म्हटलं, फोन ठेव. बाळाला झोपव, दोन घास खा, तूही जरा पड. उद्या भरू.

ती म्हणाली, “असं चालतं?”

तेव्हापासून नुसती चिडचिड होतेय. बारावी, डीएड, मग टीईटी, टेट या शिक्षक होण्यासाठीच्या परीक्षा, एवढं सगळं पार करून आलेल्या मुलीला रविवारी जेवायचं की नाही हे कुणाला तरी विचारावं लागतं!

तुम्ही सगळे यातूनच जाताय, तुम्हाला वेगळं काय सांगू? आधार, अपार आयडी (मुलाचा कायमचा शैक्षणिक क्रमांक), यू-डायस (शाळांच्या माहितीचं सरकारी पोर्टल), उपक्रमाचे ठिकाणाची नोंद असलेले जिओ टॅग फोटो, आणि सांगण्यासारखं काही नसलं तरी ‘काही नाही’ असं कळवणारा निरंक अहवाल. तीच माहिती गेल्या महिन्यात दिलेली असते, पण आता वेगळ्या तक्त्यात हवी. द्विशिक्षकी शाळेतला एक जण बीएलओच्या, म्हणजे मतदारयादीच्या कामाला गेला की पहिली ते चौथी एकीच्याच अंगावर.

मला अशा वेळी माझ्या पहिल्या शाळेतले मुख्याध्यापक आठवतात. डोंगराकडेची शाळा, टपाल घेऊन शिपाई सायकल ढकलत वर यायचा. सर कविता शिकवत असले की त्याला हातानंच बाकावर बसायची खूण करायचे. एखादं पोर तांब्या भरून आणायचं. कविता पुरी व्हायची, पोरं चालीवर म्हणायची, मग सर चष्मा पुसून लखोटा फोडायचे. वर ‘तातडीचे’ लिहिलेलं असलं तरी. सरांचं एकही काम कधी अडलं नाही.

तेव्हा टपाल आठवड्यातून एखाद्या वेळी यायचं आणि आता मिनिटाला येतं, हे मान्य. पण म्हणून काय झालं? टपाल वाढलं, पोरांना वाचायला शिकायला लागणारा वेळ तेवढाच आहे. माझ्याकडं दुसरीत एक मुलगा आहे, काना-मात्रेपाशी अडतो. त्याच्याजवळ बसून राहावं लागतं. बोट शब्दावर ठेवून तो थांबतो, ओठ हलवतो, मग म्हणतो. त्या थांबण्यात मी ‘चल, पुढं’ म्हटलं की त्याचं वाचणं तिथंच संपतं. म्हणून माझा फोन मधल्या सुट्टीपर्यंत कपाटात असतो. आधी धाकधूक व्हायची, आता होत नाही.

कायदासुद्धा आपल्याच बाजूनं आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचं कलम २७ काढून वाचा. दर दहा वर्षांची जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका, एवढं सोडून शिक्षकाला अशैक्षणिक कामाला लावता येत नाही.

आणि रविवार? नारायण मेघाजी लोखंड्यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांना गोळा करून १८८४ पासून हा दिवस मागितला, तेव्हा १८९० मध्ये मालकांनी तो मान्य केला. गिरणीतल्या बायाबापड्यांनी मिळवलेली सुट्टी आपण एका गुगल फॉर्मपायी सोडून द्यायची?

सगळीच माहिती फालतू असते असं मी म्हणत नाही. पोषण आहारात पाचवीपर्यंतच्या मुलामागं रोज १०० ग्रॅम तांदूळ येतो, त्याचा हिशोब लागलाच पाहिजे. तो मी रोजच्या रोज लिहिते. आणि हो, आम्हाला मे महिन्याची सुट्टी असते. ती आहे म्हणून बाकीचं वर्षभर धापा टाकत राहायचं का?

माझ्या एका मैत्रिणीला शाळेच्या ऑफिसातच चक्कर आली. बीपी वाढलेलं, दवाखान्यात सलाईन लावलेली. शुद्धीवर आल्यावर तिनं मला फोन केला तो कशासाठी? पासवर्ड कुठल्या वहीत लिहिलाय ते सांगायला. मी तिच्यावर ओरडले. नंतर तिच्या उशाशी बसून तिचे केस विंचरले, तेव्हा ती म्हणाली, “किती दिवसांनी अशी पडलेय गं मी.” दवाखान्यात!

बायांनो, दमानं घ्या म्हणून वरून पत्र येणार नाही. सरांनाही ते आलं नव्हतं. एकदा शिपाई म्हणाला, साहेब स्वतः आलेत, खाली गाडीत बसलेत. सर म्हणाले, “त्यांनाही बोलाव, पोरं छान म्हणताहेत.” साहेब खरंच वर आले, मागच्या बाकावर बसले आणि कविता संपेपर्यंत हलले नाहीत.

आमच्या केंद्रातले साहेबही माझ्या मित्रयादीत आहेत, हे वाचतील. साहेब, तुमच्यावरही वरून दट्ट्या असतो हे मला ठाऊक आहे. पण माहिती शुक्रवारी मागा, सोमवारी घ्या, आणि शाळांची नावं अशी चारचौघांत लावू नका. केंद्रातल्या शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत, शिक्षण परिषदेत, मी हे उभं राहून बोलणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी तिथं माझ्यासोबत उभं राहा.