मांजरं आपापसात ‘बघून’ घेत नाहीत

घरात आधीची मांजरं असताना नवं पिल्लू आणायचं ठरलं की कोणीतरी हमखास एक सल्ला फोनवर पुढे ढकलतं. शब्द थोडेफार बदलतात, गाभा तोच: ‘पिल्लू सरळ घरात सोडा. दोन दिवस फिस्कारतील, मग आपली पायरी ठरवून घेतील. मोठी मांजरं पिल्लाला काही करत नाहीत. वेगळ्या खोलीत ठेवणं म्हणजे नसते लाड. कोणी गुरगुरलं तर दटावा. शी-शूचा एक ट्रे सगळ्यांना पुरतो. म्हाताऱ्या मांजराला तर सोबत मिळून हुरूप येतो. आणि आठवड्यात जमलं नाही, तर ते पिल्लूच तुमच्या घरासाठी नाही.’ खाली फोटो असतो, पिल्लू आणि बोका एकमेकांना बिलगून झोपलेले.

फोटो खोटा नसतो, अडचण तीच आहे. काही घरांत खरंच असं जमतं. पिल्लू चार महिन्यांच्या आतलं असेल आणि घरातलं मांजर तरुण, नसबंदी झालेलं, मुळातच मनमिळाऊ असेल तर बऱ्याचदा जमतं. ज्यांचं जमतं ते फोटो पाठवतात. ज्यांचं जमत नाही त्यांचं मांजर कपाटावर बसलेलं असतं, आणि कपाटावरच्या मांजराचा फोटो कोणी पाठवत नाही. मी हे कपाटाखाली उभी राहून शिकले आहे.

‘पायरी ठरवून घेतील’ हे वाक्य कुत्र्यांवरून उचललेलं आहे (आणि कुत्र्यांच्या बाबतीतही ते अर्धवटच खरं आहे). घरातल्या मांजराचा पूर्वज म्हणजे आफ्रिकी रानमांजर. एकट्याने शिकार करणारं, आपला इलाखा राखून राहणारं. त्याला टोळीने शिकारीला जायचं नसतं, त्यामुळे भांडण मिटवून पुन्हा एकत्र कामाला लागण्याची वेळच त्याच्यावर आली नाही. कुत्र्याकडे ‘हरलो बाबा, सोड’ असं सांगणारी देहबोली आहे. मांजराकडे ती जवळपास नाहीच. भांडणात मांजर उताणं पडतं तेव्हा ते शरण आलेलं नसतं, चारही पंजे मोकळे करत असतं. भांडण टाळायचा त्याच्याकडे खात्रीचा उपाय एकच: लांब जाणं. चार भिंतींत लांब म्हणजे कुठे जाणार?

‘मग भटकी मांजरं कशी गटाने राहतात?’ हा प्रश्न लगेच येतो. राहतात. पण जिथे एका जागी भरपूर खायला मिळतं तिथे, आणि अशा गटाचा गाभा असतो आई, मुली, बहिणी, मावश्या. त्या एकमेकींची पिल्लंसुद्धा पाजतात. बाहेरून आलेल्या मांजराला हाच गट आधी हुसकावून लावतो. ते चिकाटीने कडेकडेला घुटमळत राहिलं तर हळूहळू त्याला सरकून जागा मिळते. म्हणजे मोकळ्यावरसुद्धा ओळख व्हायला वेळ जातो, आणि नको असेल त्याला उठून जायची सोय असते.

आता कपाट. माझ्याकडे ठमी नावाची भाटी आणि भोपळ्या नावाचा बोका होता. मी चिंगी नावाचं पिल्लू आणलं आणि बैठकीच्या खोलीत कॅरियरचं दार उघडून दिलं. दोन दिवस फिस्कारणं झालं, एकदा पंजा उगारला गेला. तिसऱ्या दिवशी घर शांत. मी सगळ्यांना सांगत सुटले, जमलं! तीन आठवड्यांनी लसीसाठी नेलं तर ठमीचं वजन उतरलेलं. मग मी नीट बघायला लागले. भोपळ्याचं आणि चिंगीचं खरंच जमलं होतं. ठमी मात्र जमिनीवर पाय ठेवायची खोटी, की चिंगी तिच्या अंगावर झेपावायची, खेळ म्हणूनच. ठमीने उलटून पंजा मारला नाही, आवाज केला नाही. तिने कपाटाचा माथा धरला आणि रात्री पिल्लू थकून झोपल्यावर खाली उतरून उरलंसुरलं खायला लागली. ज्या शांततेवर मी खूश होते ती ठमीची माघार होती.

मांजरांमधला छळ बहुतेक वेळा बिनआवाजी असतो. एक उंबऱ्यावर पसरून टक लावून बघतं, दुसरं अर्ध्या वाटेतून मागे वळतं. आपल्याला दिसतं काय, तर एक सुस्तावलेलं मांजर आणि एक ‘हल्ली जरा शांत झालेलं’ मांजर. म्हणून नव्या पिल्लाच्या दिवसांत कोण कोणाला मारतंय याच्याइतकंच कोण कुठे जायचं थांबलंय हे बघायला हवं. कोणाची झोपायची जागा बदलली? वाटीपर्यंत येऊन कोण परत गेलं? ट्रेमध्ये जायचं सोडून कोण गादीवर शू करतंय?

हे नुसतं मन दुखावण्याचं प्रकरण नाही. ताणातल्या मांजरांच्या मूत्राशयाला सूज येते, जंतुसंसर्ग नसतानाही. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद, तो तुंबला तर एक-दोन दिवसांत जिवावर बेततं. बोका सारखा ट्रेमध्ये बसतोय, कण्हतोय आणि थेंबही येत नाही असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच पावली डॉक्टरकडे. तसंच खाण्याचं. जाडजूड मांजराने दोन-तीन दिवस अन्नाला तोंड लावलं नाही तर शरीरातली चरबी यकृतात साचायला लागते आणि यकृतच कोलमडतं. ‘रुसलंय, भूक लागली की खाईल’ हे मांजराच्या बाबतीत धोक्याचं वाक्य आहे.

‘मोठी मांजरं पिल्लाला काही करत नाहीत.’ पिल्लू अजून इलाख्याचं भागीदार वाटत नाही म्हणून त्याला थोडी सूट मिळते, इतपत बरोबर. दूध पाजणारी मांजर परकं पिल्लूही बऱ्याचदा कुशीत घेते. पण आपल्या घरातलं नसबंदी झालेलं सहा वर्षांचं मांजर काही बाळंतीण नाही. त्यात पाऊण-एक किलोच्या पिल्लाला चार-पाच किलोच्या मांजराचा एक नेमका पंजा डोळ्यावर बसला तर डोळा जाऊ शकतो. हे टाळायला फार काही लागत नाही, पहिले काही दिवस मधे एक दार असलं की झालं.

आणि या दारावरच सल्ल्याचा सगळ्यात जास्त राग आहे. ‘नसते लाड.’ मला विचाराल तर संपूर्ण सल्ल्यातलं सगळ्यात महागात पडणारं वाक्य हेच.

पिल्लू टुणटुणीत दिसतं म्हणजे ते निरोगी आहे असं नाही. पॅनल्युकोपेनिया, म्हणजे मांजरांचा पार्व्हो हा विषाणूचा आजार, शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण २ ते १० दिवस घेतो. उलट्या-जुलाब सुरू व्हायच्या आधीच पिल्लाच्या विष्ठेतून विषाणू पडायला लागलेला असतो. तो घरात वर्षभरही टिकू शकतो आणि फरशी पुसायच्या बहुतेक नेहमीच्या द्रावणांना दाद देत नाही, ब्लीच लागतं. गजकर्णाची बुरशी अंगावर दिसायला एक ते तीन आठवडे लागतात, आणि ती मांजरांवर थांबत नाही, आपल्याही हातावर उगवते. जंत तर आईच्या दुधातूनच येतात, त्यामुळे ‘चांगल्या घरातलं पिल्लू आहे’ याला अर्थ नाही. फेलाइन ल्युकेमिया, म्हणजे मांजरांचा आणखी एक विषाणूचा आजार, लाळेतून पसरतो: एकमेकांना चाटणं, एका वाटीत खाणं पुरतं. संसर्ग ताजा असेल तर पहिल्या चाचणीत तो सुटूही शकतो, म्हणून डॉक्टर काही आठवड्यांनी पुन्हा तपासायला सांगतात. किमान दोन आठवडे वेगळी खोली, वेगळी वाटी, वेगळा ट्रे आणि पिल्लाला हाताळून बाहेर आलं की साबणाने हात, ही प्रथा लाडातून आलेली नाही.

एक गोष्ट सहसा कोणी सांगत नाही. दाराने पिल्लाचंही रक्षण होतं. मांजरांची सर्दी बहुतेक वेळा हर्पीस किंवा कॅलिसी विषाणूमुळे होते, आणि हर्पीस एकदा झाला की बहुतेक मांजरांच्या शरीरात जन्मभर दडून राहतो. घरात नवं कोणी आल्याचा ताण बसला की साधारण आठवड्याभराने तो पुन्हा बाहेर पडायला लागतो. अशा वेळी तुमची ठणठणीत दिसणारी जुनी मांजर लसीकरण पुरं न झालेल्या पिल्लाला आजारी पाडू शकते. ‘एक डोस झालाय’ हे पुरेसं नसतं. आईकडून आलेली प्रतिकारशक्ती सुरुवातीच्या लसीला निकामी करू शकते आणि ती कधी ओसरेल याचा नेम नसतो. म्हणून ६-८ आठवड्यांच्या वयापासून दर ३-४ आठवड्यांनी, निदान १६ आठवड्यांचं होईपर्यंत डोस देत जातात.

आणि लहान खोली ही पिल्लाला शिक्षा वाटत नाही. अख्खं अनोळखी घर त्याला जास्त घाबरवतं. छोट्या जागेत त्याला ट्रे सापडतो, वाटी सापडते, लपायला खोका असतो, दिवसातून चार वेळा तुम्ही खेळायला जाता. तेवढ्यात बाहेरच्यांना त्याचा वास लागतो, आणि मांजरांच्या जगात ओळख आधी वासाची होते. एकत्र राहणारी मांजरं एकमेकांना अंग घासून गटाचा एक सामाईक वास तयार करतात. डॉक्टरकडून परत आलेल्या आपल्याच सोबत्यावर मांजर फिस्कारतं ते यामुळेच: दिसायला तोच, वास परका. म्हणून डॉक्टरांनी पिल्लू ठीक असल्याचं सांगितलं की मऊ फडकं त्याच्या गालांवरून फिरवून बाहेर ठेवायचं, बाहेरच्यांचं आत. पांघरुणं बदलायची. मग बंद दाराच्या दोन बाजूंना वाट्या, रोज थोड्या जवळ. मग दाराला जाळी किंवा बोटभर फट. मग समोरासमोर पाच मिनिटं, खेळण्यात गुंतवून, आणि कोणी वैतागायच्या आत बंद. फडकं हुंगून मांजर फिस्कारलं तर फडकं लांब ठेवून तिथेच आणखी दोन दिवस काढायचे.

‘गुरगुरलं तर दटावा.’ नका. फिस्कारणं म्हणजे हल्ला नव्हे, ‘एवढ्यावर थांब’ अशी सूचना आहे. ती द्यायला बंदी केली तर पुढच्या वेळी सूचनेशिवाय पंजा येईल. पाण्याचा फवारा मारून मांजर एवढंच शिकतं की हे पिल्लू आलं की आपण भिजतो. खरी झुंज वेगळी ओळखू येते: कान मागे चपटे, अंगावरचे केस उभे, घशातून लांब ओरडणं. खेळात आवाज जवळजवळ नसतो, आता वर असलेलं घटकेत खाली जातं, आणि सुटलेलं पिल्लू आपणहून परत येतं. झुंज लागलीच तर मधे हात घालू नका, पुठ्ठा किंवा उशी सरकवा. नंतर तासाभरात ‘आता गट्टी करा’ म्हणून दोघांना समोरासमोर धरूही नका, पेटलेलं मांजर बराच वेळ विझत नाही आणि जे हाताशी येईल त्याच्यावर राग काढतं.

‘एक ट्रे पुरतो.’ रूढ हिशेब मांजरांच्या संख्येहून एक जास्त असा आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे ते वेगवेगळ्या जागी हवेत. शेजारी शेजारी मांडलेले तीन ट्रे मांजराच्या लेखी एकच ट्रे, कारण एक उंबरा अडवला की तिन्ही गेले.

म्हाताऱ्या मांजराला हुरूप येतो, या वाक्यात मला आपलीच हौस दिसते. १२ वर्षांपुढच्या बहुतेक मांजरांच्या एक्स-रेमध्ये सांध्यांची झीज दिसते. अशा जिवाच्या पाठीवर दिवसातून वीस वेळा कोणी उडी मारणार, शेपूट चावणार, आणि आपण म्हणणार बघा कसं खेळतंय! सोबती गेल्यावर खंगलेलं मांजर पिल्लाने सावरल्याची उदाहरणं असतीलही, पण बऱ्याच वेळा त्याला हवी असते ती आपली मांडी. तरीही आणायचंच असेल तर दोन भावंडं आणण्याचा विचार करा. खर्च आणि काम वाढेल, पण पिल्लं आपली मस्ती एकमेकांवर काढतील. आणि म्हाताऱ्याला एक तरी उंच जागा अशी हवी जिथे त्याला पायऱ्या-पायऱ्यांनी चढता येईल आणि पिल्लू पोचणार नाही. मूत्रपिंडाच्या पथ्यावर असलेल्या मांजराची वाटी तर वेगळ्या खोलीतच हवी, कारण ते खाणं वाढत्या पिल्लाला चालत नाही आणि पिल्लाचं खाणं त्याला.

राहता राहिलं आठवड्याचं. ओळख व्हायला काही आठवडे लागणं नेहमीचं, काही महिने लागणंही विशेष नाही. बिघडलं तर एक पायरी मागे यायचं, पिल्लू परत द्यायचं नाही. आम्ही तेच केलं: तीन आठवड्यांनी चिंगीला पुन्हा खोलीत नेलं आणि फडक्यापासून सुरुवात केली. अडीच महिने लागले. ठमीचं वजन भरून आलं. त्या दोघी आजही एकमेकींना चाटत नाहीत, एका गादीवर झोपत नाहीत. खिडकीची कड मात्र त्यांनी वाटून घेतली आहे, सकाळी ठमी, दुपारी ऊन सरकल्यावर चिंगी. मधल्या वेळात एक उतरते, दुसरी चढते, आणि दोघी एकमेकींकडे न बघता बाजूने निघून जातात.