घर घ्यायचंय? मग आधी कंपनी व्हा

कोल्हापुरात फ्लॅट बघत फिरणाऱ्या तमाम जोडप्यांना माझा एकच सल्ला आहे. माणूस असणं बंद करा. त्यात काही राम राहिलेला नाही.

हे मी अनुभवानं सांगतोय. गेल्या मे महिन्यात आर. के. नगरच्या बाजूला एक टू बीएचके आम्ही पसंत केला होता. फरशा बसायच्या होत्या, म्हणून बायकोनं खिशातनं खडू काढावा तसा पर्समधनं खडू काढला (शिक्षिका आहे) आणि जमिनीवर आखून टाकलं: इथं फ्रीज, इथं देवघर, इथं सासूबाईंची कॉट. विसार द्यायला दोन दिवस मागून घेतले, कारण पतसंस्थेतली ठेव मोडायची होती. तिसऱ्या दिवशी पैसे घेऊन एजंटला फोन लावला.

"गेला की वो फ्लॅट," तो म्हणाला. "त्यो एकटाच न्हवं, मजल्यावरचे चारी गेले. एका कंपनीनं घेतले."

"कंपनी काय करणार चार फ्लॅटचं?"

"भाड्यानं देणार. तुमाला पायजे असला तर बोलतो. तोच देतो की, खडूवाला."

तेव्हापासून मी कंपनी या प्राण्याचा अभ्यास करतोय, आणि जे कळलं ते तुमच्यापासून लपवणार नाही.

पहिली गोष्ट, आपल्या कायद्याला माणसाविषयी फार कुतूहल आहे. करवीर तालुक्यात ऊस लावायला एकरभर रान घ्यायला जा. तुम्ही शेतकरी आहात का? सात-बारा दाखवा. नाही? मग कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी आणा. शेतकरी आहात? मग आधीची किती आहे? कारण १९६१ पासून शेतजमिनीला सीलिंग आहे. शहरातल्या मोकळ्या जागेलाही १९७६ साली सीलिंग आलं होतं, कोल्हापूरही त्यात होतं. महाराष्ट्रानं ते २००७ मध्ये काढून टाकलं, आणि मोकळ्या जागांनी मोकळा श्वास घेतला. राहता राहिलं राहतं घर. त्याचं मात्र कुणी विचारत नाही. एकानं एक घ्यावं की चाळीस, घेणाऱ्याला झोप लागते की फक्त ताळेबंद असतो, हा प्रश्न दुय्यम निबंधकाच्या फॉर्मवर नाही. उसाला मालक कोण लागतो याची सरकारला जेवढी काळजी आहे, तेवढी सासूबाईंच्या कॉटची असायचं कारणही नाही म्हणा. कॉटला उसासारखी एफआरपी (सरकारनं ठरवलेला किमान भाव) नसते.

कंपनी होण्याचा खरा फायदा पुढे आहे. कंपनी मरत नाही. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. शिवाजी पेठेत आमच्या चुलत्यांचा वाडा आहे. तीन खोल्या, एक माडी, एक बुजलेला आड आणि प्रॉपर्टी कार्डावर अकरा वारस. दहा जण सही करायला तयार आहेत. अकरावी निपाणीची आत्या. हक्कसोड पत्राचा विषय काढला की ती "बघू की" म्हणते आणि पोहे आणायला आत जाते. नऊ वर्षं झाली. कारण सगळ्यांना माहीत आहे: थोरल्याच्या लग्नात तिला मानाची साडी हलकी दिली. आता मला सांगा, कंपनीला आत्या असते का? तिच्या लग्नात कुणी रुसतं का? संचालक मेला तर दुसरा येतो, वाडा जागच्या जागी.

शिवाय कंपनीला घर विकायची गरजच नाही. नीट ऐका, इथं पैसे आहेत. तुम्ही-मी पन्नास लाखांचा फ्लॅट घेतला की पाच-सहा टक्के मुद्रांक शुल्क, म्हणजे अडीच-तीन लाख सरळ गेले. बाईच्या नावावर घेतला तर एक टक्का सूट, तेवढ्यासाठी घरात पहिल्यांदा बायकोचं नाव पुढं येतं. कंपनीच्या पोटात फ्लॅट असेल तर फ्लॅट जागचा हलत नाही, फक्त कंपनीचे शेअर इकडून तिकडं जातात. शेअरच्या हस्तांतरणाला २०२० पासून मुद्रांक शुल्क ०.०१५ टक्के. पन्नास लाखांवर सातशे पन्नास रुपये. एवढ्यात चौघांची मिसळ होते, कट दोनदा मागून.

आणि पंचगंगेचं काय? २०१९ ला, २०२१ ला पाणी आलं तेव्हा गाद्या माळ्यावर टाकून शाळेत राहायला माणसं गेली. कंपनी गेली नाही. कंपनी पूररेषेत राहत नाही, पूररेषेत फक्त तिचे भाडेकरू राहतात.

आता काही शिकलेली मंडळी तुम्हाला बाहेरच्या देशांची भीती घालतील. घाबरू नका. अमेरिकेत २००८ च्या मंदीत लाखो लोकांची घरं कर्जापायी गेली, ती मोठ्या गुंतवणूक कंपन्यांनी लिलावात उचलली. ब्लॅकस्टोननं २०१२ साली त्यासाठी वेगळी कंपनीच काढली आणि तिचं नाव ठेवलं 'इन्व्हिटेशन होम्स'. आमंत्रण! यजमान असावा तर असा, जेवायला बोलावतो आणि ताटाचं भाडं घेतो. आज तिच्याकडं ऐंशी हजारांहून जास्त घरं आहेत. अख्ख्या देशाच्या मानानं हा वाटा लहानच, हेही खरं. पण ही घरं देशभर सारखी पसरलेली नसतात. अटलांटात भाड्यानं दिलेल्या स्वतंत्र घरांपैकी पंचवीस टक्के अशा मोठ्या गुंतवणूकदारांकडं आहेत, असं तिथल्या सरकारी लेखापरीक्षकांनीच २०२४ मध्ये सांगितलं. देशाची सरासरी काढली की सगळं ठीक दिसतं. रंकाळ्याची सरासरी खोली गुडघ्याएवढी सांगितली म्हणून कुणी त्यात चालत जात नाही.

मग तिथं कायदे सुरू झाले. न्यूयॉर्क राज्यानं २०२५ मध्ये नियम केला की एक-दोन कुटुंबांचं घर विक्रीला निघालं की बड्या गुंतवणूकदारानं नव्वद दिवस बोली लावायची नाही, तोवर माणसांना संधी. नव्वद दिवस! आपल्याकडं तेवढ्यात सिटी सर्व्हेचा उतारासुद्धा धड हातात येत नाही. आयर्लंडात मेनूथ नावाच्या गावी २०२१ साली एका नव्या वसाहतीतली बहुतेक घरं एकाच गुंतवणूकदारानं घाऊक घेतली. लोक खवळले. सरकारनं ठरवलं, बारा महिन्यांत दहा किंवा जास्त घरं घेणाऱ्याला दहा टक्के मुद्रांक शुल्क, आणि २०२४ मध्ये ते पंधरा केलं. फ्लॅट मात्र त्यातनं वगळले. तुम्ही लगेच मनात काय म्हणालात ते मला ऐकू आलं: नऊ घ्यायची. शाब्बास, तुम्ही कंपनी व्हायला लायक आहात.

हॉलंडनं तर कमाल केली. २०२२ पासून तिथल्या नगरपालिका ठरावीक भागांत सांगू शकतात की स्वस्त-मध्यम घर घेतलंत तर चार वर्षं परवान्याशिवाय भाड्यानं द्यायचं नाही. म्हणजे घर घ्यायचं आणि त्यात स्वतः राहायचं. हे असलं विचित्र आपल्याकडं कुणाला सुचलं नाही, देवाची कृपा. आणि बर्लिनमध्ये २६ सप्टेंबर २०२१ ला जनतेनंच कौल दिला, ५९ टक्क्यांनी, की तीन हजारांपेक्षा जास्त घरं असलेल्या कंपन्यांची घरं सार्वजनिक मालकीत घ्या. कौल बंधनकारक नव्हता. मग तज्ज्ञांची समिती बसली. तिनं २०२३ मध्ये सांगितलं, घेता येतील. घेतली कुणी नाहीत. शहराच्या हद्दवाढीच्या बैठकांना जाऊन आलेल्या कोल्हापूरकराला यातलं काहीच परकं वाटू नये.

एक धोका मात्र सांगून ठेवतो. हे गाव भलत्या वेळी भडकतं. रस्त्याचा टोल २०१५ ला रद्द झाला तो अर्ज-विनंत्यांनी नाही, आणि त्यात घरात बसून पेपर वाचणारी म्हातारी माणसंसुद्धा रस्त्यावर होती. तेव्हा कंपनी झालात की पेठेत फार मिरवू नका. फ्लॅट शांतपणे घ्या. हायकोर्टाचं सर्किट बेंच आल्यापासून वकिलांना जागा हवीच आहे, तुमच्या तोंडाकडं कुणी बघणार नाही.

आता कृती. कंपनीला दोन-चार माणसं जमवावी लागतात हा गैरसमज आहे. २०१३ च्या कंपनी कायद्यानं एकट्या माणसाची कंपनी मान्य केली. मी अर्ज भरायला घेतला. पहिली अडचण वारसाची. तुम्ही गेल्यावर कंपनी कुणाकडं, ते आधीच लिहून द्यायचं, आणि तो नॉमिनी हाडामांसाचा माणूसच हवा, कंपनी चालत नाही. बातमी निपाणीला कशी पोहोचली माहीत नाही, पण आत्याचा नऊ वर्षांत पहिल्यांदा स्वतःहून फोन आला.

दुसरी अडचण पत्त्याची. कंपनीला नोंदणीकृत कार्यालय लागतं. ताजं वीजबिल आणि जागामालकाचं ना-हरकत पत्र. म्हणून काल संध्याकाळी खाली मालकांकडं गेलो. ते झोपाळ्यावर बसून दूध पीत होते. सगळं ऐकून घेतलं, मिशीला लागलेली साय पुसली, म्हणाले, "करा की कंपनी. माझी काय हरकत? फकस्त पुढच्या म्हैन्यापासून भाडं कमर्शियल रेटनं."