कासच्या छायाचित्राच्या कामाबद्दल आपण दिलेल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार,

कास पठारावर आपण टिपलेल्या छायाचित्राच्या संस्करणाबद्दल आणि 24 बाय 18 इंची प्रिंटबद्दल आपण एक तारा देऊन लिहिलेला अभिप्राय वाचला. फुले खुलली नाहीत, निळे आकाश सांगूनही ते पांढरेच राहिले, डोंगराच्या कडेला पांढरी रेघ दिसते आणि मोबाइलवर पाहिले त्यापेक्षा प्रिंट काळपट आली, अशा आपल्या चार तक्रारी आहेत. मोबाइलमधले फुकटचे ॲप हेच काम अर्ध्या मिनिटात करत असताना आमच्याकडे 1,800 रुपये कशाचे मोजले, असेही आपण विचारले आहे.

पांढऱ्या रेघेबद्दल आपले म्हणणे पूर्णपणे बरोबर आहे. डोंगर आणि आकाश यांचा उठाव वेगवेगळा वाढवताना संगणकावर आखलेली दोहोंमधली हद्द नेमकी कडेवर बसली नाही, की अशी रेघ उमटते. संगणकाच्या पडद्यावर संपूर्ण चित्र एकदम पाहताना ती नजरेतून सुटते आणि दोन फुटी प्रिंटवर मात्र लगेच टोचते. प्रिंट देण्यापूर्वी कड मोठी करून तपासायला हवी होती. ती तपासली गेली नाही, ही आमची चूक आहे.

दुसरी चूक त्याहून मोठी आहे आणि ती आपल्या अभिप्रायात नाही, कारण ती आपल्याला कोणी सांगितलीच नाही. हे छायाचित्र आपण कॅमेऱ्याने काढलेले असले, तरी आमच्या काउंटरवर ते व्हॉट्सॲपवरून घेतले गेले. तिथे फोटो आकसून येतो, त्यामुळे आमच्याकडे आलेली फाइल 1600 बाय 1200 पिक्सेलचीच होती. 24 इंच रुंदीवर ती पसरली, की इंचाला जेमतेम 66 पिक्सेल येतात. भिंतीवर लावायच्या प्रिंटला निदान 150 तरी असावेत, असा आमचा रोजचा हिशेब आहे. मूळ फाइल मागणे हे काउंटरवरच्या माणसाचे काम होते आणि त्याने ते केले नाही. दुकान माझे असल्यामुळे त्याची जबाबदारी माझी आहे.

आता फुलांविषयी. आपला फोटो ढगाळ सकाळचा आहे आणि अशा उजेडात सावल्या पडत नसल्याने सगळे एकाच पातळीवर, राखाडी दिसते. त्यात जान आणायची तर सुरुवात रंगापासून करून चालत नाही. आधी चित्रातला खरा काळा आणि खरा पांढरा शोधावा लागतो. आपल्या चित्रात पुढच्या बाजूला पावसाने भिजलेला जांभा दगड आहे, तो आम्ही काळ्यासाठी धरला. पांढऱ्यासाठी गेंदाची फुले धरली. गेंद पांढरा असतो हे साताऱ्यात कोणाला सांगायला नको, पण आपल्या फाइलमध्ये तो निळसर उतरला होता. ती निळाई काढल्याबरोबर गवताचा हिरवा उबदार झाला आणि तेरड्याचा गुलाबी आपोआप वर आला. संपृक्तता, म्हणजे रंगाचा भडकपणा, आम्ही त्यानंतर वाढवली, तीही फक्त गुलाबीची आणि थोडीच. ती आणखी ताणून पाहिली तेव्हा लाल रंगाचा आकडा (संगणक प्रत्येक रंग 0 ते 255 असा मोजतो) 255 या शेवटच्या टोकाला टेकला, पाकळ्यांवरच्या शिरा नाहीशा झाल्या आणि पठारावर कोणी गुलाल सांडून गेल्यासारखे डाग दिसू लागले. आपण म्हणता ते ॲप बहुधा इथवर नेऊन सोडते. मोबाइलच्या पाच-सहा इंचांत ते छान दिसते, हे मी नाकारत नाही.

मागच्या डोंगरांवरचे धुके आम्ही पूर्ण काढले नाही, तेही जाणूनबुजून. लांबचा डोंगर फिकट आणि निळसर दिसतो तो मधल्या हवेमुळे, आणि त्या फिकटपणावरूनच डोळ्याला अंतर कळते. संगणकावरची धुके काढण्याची सरकपट्टी शेवटपर्यंत ओढली, तर पलीकडची रांग पठाराला येऊन चिकटते. आम्ही ती पुढच्या गवतावर जास्त, मधल्या भागात कमी आणि मागच्या डोंगरांवर नावापुरती वापरली. पूर्वी डार्करूममध्ये तारेला पुठ्ठ्याची चकती लावून एन्लार्जरच्या, म्हणजे निगेटिव्ह मोठी करून कागदावर पाडणाऱ्या यंत्राच्या, उजेडात हलवत हेच करायचो, फरक इतकाच की तेव्हा चुकले की कागद वाया जायचा.

आकाशाबद्दल आपली नाराजी मला समजते. आपल्या फाइलमध्ये आकाशाचा बहुतेक भाग लाल, हिरवा आणि निळा या तिन्ही रंगांत 255 वर पोचलेला होता. तिथे ढगांचा काहीही तपशील शिल्लक नव्हता, त्यामुळे खुलवण्यासारखे काही उरले नव्हते. दुसरे आकाश लावणे अवघड नाही. फोटोशॉपमध्ये 2020 पासून त्यासाठी तयार सोय आहे आणि लग्नाच्या अल्बमसाठी आम्ही ती सर्रास वापरतो, उगाच सोवळेपणाचा आव आणत नाही. पण निळे, उन्हाचे आकाश लावले असते तर खाली एकाही दगडाची सावली का नाही, हा प्रश्न घरी येणाऱ्या पहिल्याच पाहुण्याला पडला असता. मात्र हा निर्णय आपल्याला फोन करून घ्यायला हवा होता. न विचारता पांढरे आकाश ठेवून प्रिंट हातात देणे योग्य नव्हते.

काळपटपणाचे कारण अंशतः माध्यमातच आहे. मोबाइलचा पडदा स्वतः उजेड देतो, कागद समोरचा उजेड परत पाठवतो, आणि आपण निवडलेला मॅट कागद चकचकीत कागदाच्या मानाने रंग थोडे दबलेलेच दाखवतो. ट्यूबलाइटखाली हा फरक अधिक जाणवतो. मोठी प्रिंट काढण्याआधी त्याच कागदावर नमुन्याची छोटी पट्टी काढून दाखवली असती, तर हे आधीच लक्षात आले असते.

म्हणून विनंती आहे की कॅमेऱ्याचे कार्ड घेऊन आपण एकदा दुकानात यावे. त्यावर रॉ फाइल, म्हणजे कॅमेऱ्याने टिपलेली कच्ची मूळ नोंद, असेल तर फार उत्तम. आपण पाठवलेल्या फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या 256 पायऱ्या होत्या, तर 14 बिटच्या रॉमध्ये त्या 16,384 असतात, आणि पांढऱ्या दिसणाऱ्या आकाशातून ढगांचे थर अनेकदा त्यातूनच परत मिळतात. ते मिळाले नाहीत, तर त्या दिवसाच्या उजेडाला शोभेल असे ढगाळ आकाश आपल्यासमोर बसून निवडू. एवढे ऐकूनही आपल्याला निळेच हवे असेल तर तेही करून देऊ, कारण भिंत आपली आहे. नव्या कामाचे आणि प्रिंटचे पैसे घेतले जाणार नाहीत. काम नको असेल, तर पूर्ण 1,800 रुपये परत मिळतील.

शक्यतो सकाळी अकराच्या सुमारास यावे, कारण त्या वेळी दुकानाच्या खिडकीतून चांगला उजेड येतो आणि नमुन्याची पट्टी तिथेच पाहता येईल. जुनी प्रिंटही सोबत आणावी, म्हणजे ती रेघ कुठून कुठपर्यंत आहे हे दुकानात काम करणाऱ्या मुलांना त्यावरच दाखवता येईल.

आपला नम्र,
स्टुडिओचालक, सातारा